स्ट्राइक : शिडे उतरवणाऱ्यांचा शब्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कामगार चळवळीचा अभ्यास बहुधा आकड्यांपासून सुरू होतो : किती गिरण्या, किती पाळ्या, किती वेतन, किती दिवस काम बंद. आजचा विषय त्याहून लहान आहे. तो आहे एक शब्द. 'स्ट्राइक' हा इंग्रजी शब्द इंग्रजीचे एक अक्षरही न शिकलेल्या कामगाराला ठाऊक असतो. कॅरम खेळणारी मुले 'स्ट्रायकर' हाती धरतात, क्रिकेटचे समालोचक फलंदाजाचा 'स्ट्राइक रेट' सांगतात, वर्तमानपत्रे 'एअर स्ट्राइक' छापतात आणि कारखान्याच्या फाटकावरील फलकही 'स्ट्राइक' असेच म्हणतो. एकच शब्द इतक्या ठिकाणी राबतो आहे. राबणाऱ्या शब्दाची चौकशी राबणाऱ्यांच्या पक्षाने करावी, हे योग्यच होय.

ही चौकशी निव्वळ भाषेच्या हौसेपोटी नाही. शब्दाचा अर्थ ज्याच्या हाती, त्याच्या हाती वादाची निम्मी सूत्रे असतात. संप म्हणजे आघात, संप म्हणजे समाजावर उगारलेली काठी, असा एक समज सुशिक्षित मध्यमवर्गात रुजलेला आहे. इंग्रजी शब्दाच्या वरवरच्या अर्थाने या समजाला बळ मिळते. 'स्ट्राइक' म्हणजे मारणे, हे शाळेतले पोरही सांगेल. मग 'स्ट्राइक' करणारा तो मारणारा, हे ओघानेच ठरते. हे खरे आहे काय, असे त्या शब्दाच्या इतिहासालाच विचारले पाहिजे.

हात फिरवणे, मग हात उगारणे

'स्ट्राइक'चे मूळ जुन्या इंग्रजीतील 'स्ट्रिकान' या क्रियापदात आहे. त्या क्रियापदाचा अर्थ मारणे असा नव्हता. हलकेच पुढे सरकणे, हात फिरवणे, घासून गुळगुळीत करणे, पुसणे, असा तो अर्थ होता. गोंजारणे या अर्थाचा 'स्ट्रोक' आणि रेघ या अर्थाचा 'स्ट्रीक' हे इंग्रजी शब्द त्याच कुळातले. जर्मन भाषेतील 'श्ट्रायखेन' हे भावंड तर आजही हात फिरवणे, रंग देणे, रेघ मारून खोडणे एवढेच काम करते. इंग्रजीत मात्र हलका हात हळूहळू जड होत गेला आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास 'ठोसा मारणे' हा अर्थ रूढ झाला. पोटात माया असलेल्या शब्दाने पुढे मूठ वळली, असा हा प्रवास आहे.

जुन्या अर्थाचा एक अवशेष मात्र धान्याच्या बाजारात टिकून राहिला. इंग्लंडमध्ये धान्याच्या एका मापालाच 'स्ट्राइक' म्हणत. माप भरल्यावर त्याच्या काठावरून एक सरळ काठी फिरवून वरचे धान्य सारून टाकीत. ती काठी फिरवणे म्हणजे 'स्ट्राइक', आणि अशा रीतीने सपाट केलेले माप तेही 'स्ट्राइक'. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगाला आपण शीग म्हणतो. एखादी गोष्ट 'शिगेला पोहोचली' असे म्हणताना तीच रास डोळ्यांपुढे असते. शीग ठेवायची की सारून टाकायची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण ज्याने खंड म्हणून धान्य घातले आणि मजुरी म्हणून धान्य घेतले, त्याला घेणाऱ्याची शीग आणि देणाऱ्याचे सपाट माप यांतील अंतर पोटाने कळलेले असते.

मारण्याच्या अर्थापासून पुढे फांद्या फुटल्या त्या अगणित. घड्याळाने तास वाजवणे, नाणे पाडणे, काडी ओढून पेटवणे, सौदा पक्का करणे, जमिनीत तेल किंवा सोने सापडणे, रोपाने मूळ धरणे, मनात एकदम कल्पना येणे, या सर्वांना इंग्रजीत हेच एक क्रियापद चालते. बेसबॉलच्या खेळात तर चेंडू फळीला न लागता हुकला, तरी तो 'स्ट्राइक'! काढून टाकण्याच्या अर्थाची एक वेगळी शाखा आहे : तंबू उतरवणे, नाटकाचे नेपथ्य उचलणे, मजकुरावर रेघ ओढणे, यादीतून नाव खोडणे. हजेरीपटावरून ज्याचे नाव उडवले जाते, त्या कामगाराच्या बाबतीत मालकही 'स्ट्राइक'च करीत असतो. फक्त त्याच्या कृतीची बातमी त्या शब्दात छापली जात नाही.

या क्रियापदाचे एक जुने भूतकालवाचक रूप 'स्ट्रिकन' असे आहे. दारिद्र्याने गांजलेला, दुष्काळाने पिडलेला, रोगाने ग्रासलेला, अशा माणसासाठी इंग्रजी भाषा ते वापरते. म्हणजे आघात सोसणारा 'स्ट्रिकन' आणि काम थांबवणारा 'स्ट्रायकर', ही एकाच धातूची दोन रूपे होत. व्याकरणाने जे जवळ आणले, ते इतिहासातही बहुधा एकाच माणसाच्या ठिकाणी आढळते : आधी तो 'स्ट्रिकन' असतो, मग 'स्ट्रायकर' होतो.

१७६८ : टेम्स नदीवरील शिडे

आता मुख्य प्रश्न. काम बंद करण्याला 'स्ट्राइक' का म्हणू लागले? बहुतेक कोशकार या अर्थाचा संबंध जहाजाच्या शिडांशी जोडतात. शीड किंवा निशाण खाली उतरवणे याला खलाशांच्या भाषेत शतकानुशतके 'स्ट्राइक' म्हणत आले. १७६८ साली इंग्लंडमध्ये धान्य महाग झाले होते आणि खलाशांचे वेतन जागच्या जागी होते. प्रथम ईशान्य किनाऱ्यावरील सँडरलँड बंदरात आणि नंतर लंडनमध्ये टेम्स नदीवर खलाशी वेतनवाढ मागू लागले. ते एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर गेले आणि त्यांनी शिडे उतरवली. शीड खाली आले की जहाज हलणार नाही, जहाज हलले नाही की माल हलणार नाही. लंडनच्या खलाशांनी आपले गाऱ्हाणे संसदेच्या दारापर्यंत नेले. त्याच वर्षी टोप्या बनवणाऱ्या लंडनच्या कारागिरांनी काम थांबवले, तेव्हा त्यांच्यासाठीही तेच क्रियापद छापले गेले. टोपीवाल्यांकडे कुठले शीड? पण शब्द बंदरातून शहरात आला होता. नाम म्हणून तो पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावला.

या कृतीतील एक अर्थ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शीड किंवा निशाण उतरवणे ही त्यापूर्वी शरणागतीची खूण होती. इंग्लंडच्या आसपासच्या समुद्रात परकी जहाजांनी इंग्रजांना मान म्हणून निशाण उतरवावे, असा इंग्रज राज्यकर्त्यांचा हट्ट असे. मे १६५२ मध्ये डोव्हरजवळ डच नौसेनापती ट्रॉम्प याने निशाण उतरवले नाही, यावरून चकमक झाली आणि दोन देशांतील पहिले युद्ध पेटले. अशी ही लाचारीची खूण. ११६ वर्षांनंतर खलाशांनी तीच कृती केली, पण तिचा अर्थ उलटा केला. बलवानापुढे शीड उतरवणारा म्हणत असे, 'तुझी आज्ञा मान्य.' १७६८ चा खलाशी शीड उतरवून म्हणाला, 'माझ्या हातांशिवाय तुझे जहाज चालवून दाखव.'

इतिहास सांगताना तो आपल्या सोयीचा करून सांगू नये. १७६८ चे ते वर्ष शांततेचे नव्हते. खलाशांनी उतरवलेली सर्वच शिडे तिथल्या तांडेलांच्या राजीखुशीने उतरली नव्हती. जहाजातून कोळसा उतरवणाऱ्या हमालांनी त्याच वेळी काम थांबवले होते. संप मोडण्यास खलाशांकडून तो कोळसा उतरवून घेतला जाऊ लागला, तेव्हा कामगार कामगारावर उठला. रक्त सांडले. त्या वर्षीच्या जुलैत सात हमालांना लंडनमध्ये जाहीर फाशी देण्यात आली. तेव्हा हा शब्द जन्मला तो निष्पाप वातावरणात नव्हे. तरीही वस्तुस्थिती एवढी आहे की, त्याला नाव मिळाले ते झालेल्या मारामारीवरून नव्हे, तर उतरवलेल्या शिडावरून. समकालीनांना त्या घटनेत जे नवे वाटले, ते हाणामारी नव्हते. हाणामारी लंडनला जुनीच होती. नवे होते ते हे की, ज्यांच्या मालकीचे काहीच नाही, अशा माणसांनी आपले श्रम काढून घेतले आणि बंदर थांबले.

राज्यकर्त्यांना हे नावीन्य बरोबर कळले. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी वेतनवाढीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवला आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंतची कैद ठेवली. हे कायदे १८२४ साली रद्द झाले, पण पुढच्याच वर्षी नवी बंधने आली. १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यातील सहा शेतमजुरांना संघटनेची गुप्त शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. जनतेच्या दडपणामुळे १८३६ साली त्यांना माफी मिळाली. करार मोडून काम सोडणाऱ्या कामगाराला तुरुंगात टाकण्याची तरतूद ब्रिटनने १८७५ साली काढून टाकली. हिंदुस्थानात १८५९ साली लादलेला तसाच कायदा १९२५ मध्ये रद्द होईपर्यंत चालू होता. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा आणि मजुराने मोडला तर बेडी, हा न्याय इतकी वर्षे सुरू होता.

काडी पेटवणाऱ्या मुली

या शब्दाचे दोन अर्थ एकाच कारखान्यात भेटल्याचे एक उदाहरण आहे. लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे या कंपनीचा आगकाड्यांचा कारखाना होता. इंग्रजीत काडी ओढून पेटवणे हे 'स्ट्राइक'च. त्या काड्या बनवणाऱ्या मुलींनी आणि स्त्रियांनी जुलै १८८८ मध्ये दुसरा 'स्ट्राइक' केला. त्या सुमारे १४०० होत्या. उशीर झाला, जमिनीवर काडी पडली, शेजारणीशी बोलल्या, अशा कारणांवरून त्यांच्या तुटपुंज्या कमाईतून दंड कापला जाई. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी जबड्याचे हाड कुजण्याचा भयानक रोग त्या उद्योगात होता. आणि जेवायला वेगळी जागा नसल्यामुळे भाकरीबरोबर तेच विष पोटात जाई.

जून १८८८ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी ही स्थिती लेखातून चव्हाट्यावर आणली. ती खोटी असल्याच्या कागदावर सह्या करा, असा दबाव मुलींवर आला. त्यांनी नकार दिला, एकीला कामावरून काढले आणि सगळ्या बाहेर पडल्या. दोनतीन आठवड्यांच्या आत दंडाची पद्धत बंद झाली, जेवणासाठी वेगळी जागा मान्य झाली आणि त्यांची संघटना उभी राहिली. विषारी फॉस्फरसवर ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी येण्यास मात्र १९१० साल उजाडले. पुढल्याच वर्षी, १८८९ मध्ये, लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्सच्या मागणीसाठी बंदर थांबवले आणि जिंकले. कोवळ्या पोरींनी जे केले ते बाप्यांना का जमू नये, हा विचार त्या वस्तीत पसरल्यावाचून राहिला नसेल. याच अ‍ॅनी बेझंट पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

इतर भाषांची साक्ष

एका भाषेच्या साक्षीवर निकाल देऊ नये, म्हणून इतरांनाही विचारावे. फ्रेंच भाषेत संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या वाळूकाठी एक चौक होता. वाळूच्या काठाला 'ग्रेव्ह' म्हणतात, म्हणून त्या चौकाचेही तेच नाव. काम नसलेले मजूर तिथे रोज सकाळी जमत आणि कोणी मुकादम येऊन घेऊन जाईल म्हणून थांबत. मुंबई-पुण्याच्या मजूर नाक्यावर आजही पहाटे जे दृश्य दिसते, तेच ते. 'ग्रेव्ह करणे' याचा पहिला अर्थ कामाची वाट पाहत उभे राहणे एवढाच होता. एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दाचा अर्थ झाला, काम नाकारून उभे राहणे. वाट पाहणारा मजूर नाकारणारा झाला, पण चौक तोच राहिला.

स्पॅनिश 'वेल्गा' हा शब्द विश्रांती घेणे, दम खाणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. इटालियन 'शोपेरो'च्या मुळाशी लॅटिनमधील 'काम सोडणे' आहे. रशियन 'झाबास्तोव्का'च्या पोटात इटालियन 'बास्ता' दडलेला आहे. तो पत्त्यांच्या डावातला शब्द, त्याचा अर्थ 'पुरे!' आपल्या 'बस्स!'शी त्याचे नाते नसले, तरी कामगाराच्या तोंडी दोन्ही सारखेच शोभतात. जर्मनांनी इंग्रजी शब्दच 'श्ट्राइक' म्हणून उचलला. म्हणजे वाळूकाठ, श्वास, सोडलेले काम, 'पुरे' हा उद्गार आणि उतरवलेले शीड! यांपैकी एकाही मुळात काठी नाही, दगड नाही. आघाताचा अर्थ या शब्दांना नंतर चिकटवला गेला आणि तो चिकटवणारे बहुधा नफा बुडाल्यामुळे कळवळलेले होते.

देशी भाषांतही हेच. हिंदीतील 'हडताल' म्हणजे हाट, अर्थात दुकान, आणि ताला. तो बाजारपेठेचा शब्द आहे. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशाला हाक दिली ती हरताळाची. मराठीत मात्र 'हरताळ फासणे' हा आणखी एक प्रयोग आहे आणि तो दुसऱ्याच शब्दापासून निघाला आहे. हरताळ हे पिवळे खनिज. पोथीतील चुकलेली अक्षरे लेखनिक त्याचा लेप देऊन झाकून टाकीत. नकळत मराठीने इथे इंग्रजीशी बरोबरी साधली आहे : दुकान बंद तोही हरताळ, अक्षर खोडले तोही हरताळ.

पण गिरणी कामगाराने हरताळ हा शब्द घेतला नाही. त्याने घेतला 'संप'. आणि इथे मराठी भाषेने सर्व भाषांहून वेगळे काही करून ठेवले आहे. 'संप' याचा जुना अर्थ काम बंद असा नव्हेच. एकोपा, एकमत, संगनमत असा तो अर्थ आहे. शेजारच्या गुजरातीत तो आजही तसाच नांदतो. 'संप त्यां जंप', म्हणजे जिथे एकी तिथे शांती, असे गुजराती घरातली म्हातारी माणसे लेकीसुनांना सांगतात. अहमदाबादचा कामगार काम थांबवतो तेव्हा तो 'हडताळ' करतो आणि घरात 'संप' राखतो. मुंबईचा कामगार काम थांबवतो तेच मुळी 'संप' म्हणून! इंग्रजी शब्दाने कृतीचे नाव सांगितले, मराठी शब्दाने कृतीचे कारण सांगितले. एकट्याने काम सोडले तर तो खाडा. सगळ्यांनी ठरवून सोडले तरच तो संप.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ साली त्याच कामगारांनी सहा महिने गिरण्या थांबवल्या. १९३३ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि सुमारे सहा वर्षे ते टिकून राहिले. नांगर खाली ठेवणे हेही शीड उतरवणेच. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशाची रेल्वे वीस दिवस थांबली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे जाऊन संप केला. तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही आणि जिंकलाही गेला नाही. पराभवाचीही नोंद हवी. एकी असूनही माणसे हरतात. विशेषतः जहाज थांबल्याने मालकाचे नुकसान होण्याऐवजी जहाज मोडून त्याखालची जमीन विकण्यात जेव्हा त्याला अधिक फायदा दिसू लागतो, तेव्हा.

कायद्याचा शब्दकोश

शब्दाचा अर्थ कोशकार नोंदवतात, पण तो बदलण्याचा अधिकार आणखी एकाला आहे : कायदा करणाऱ्याला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची व्याख्या करताना एकत्रितपणे काम थांबवणे यावर भर दिला होता. हा मराठी 'संपा'चाच अर्थ होता. पूर्वसूचनेचे कडक बंधन त्या कायद्याने सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरते ठेवले होते. औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. तिने ती व्याख्या रुंद केली. एखाद्या उद्योगातील निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही आता संप होय. पूर्वसूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. सूचना दिल्यावर चौदा दिवस थांबायचे. दरम्यान समेटाची बोलणी सुरू झाली की ती संपेपर्यंत आणि वर सात दिवस थांबायचे. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तर निकालानंतर आणखी साठ दिवस. बेकायदा संपासाठी कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. संपावर सरसकट बंदी संहितेने घातलेली नाही. शब्द जागेवर ठेवून त्याचे मोल सारून टाकणे, सपाट करणे, हे कामही जुन्या 'स्ट्राइक' क्रियापदाच्या अर्थात चपखल बसते!

न्यायालयांनीही या शब्दाला पुरता आसरा दिलेला नाही. संघटना करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६२ च्या सुमारास सांगितले. २००३ साली तमिळनाडू सरकारने संपावर गेलेल्या एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना बडतर्फ केले. तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही, इथवर न्यायालय गेले. आंतरराष्ट्रीय मंचावरही वाद शब्दाचाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात संघटनास्वातंत्र्य आहे, पण 'स्ट्राइक' हा शब्द नाही. मग त्या स्वातंत्र्यात संपाचा हक्क येतो की नाही, यावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी इतके भांडले की, नोव्हेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी धाडण्यात आला. भारताने तर त्या करारालाच मान्यता दिलेली नाही.

या सर्व वादाचे उत्तर मुंबईच्या विधिमंडळात १९३८ सालीच दिले गेले होते. औद्योगिक कलहाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा असा होता : काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे; तो गुन्हा होऊ शकत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावून शिक्षेचा धाक दाखवणे म्हणजे त्याला गुलाम करणे. म्हणून संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव ठरते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नाकारता न येणारे काम आले होते, त्यांच्या नेत्याने नकाराचे मोल जाणावे, यात नवल नाही.

शीड आजही आहे

आज कामगार गिरणीच्या फाटकात कमी आणि रस्त्यावर अधिक दिसतो. पाठीवर चौकोनी पेटी घेऊन घरोघर जेवण पोचवणारा तरुण सामाजिक सुरक्षा संहितेच्या लेखी मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेरचा आहे. त्याला फाटक नाही, हजेरीपट नाही, मुकादमाचे तोंडही दिसत नाही. पण शेकडो तरुण ठरवून आपापल्या फोनवरील ॲप बंद ठेवतात, तेव्हा ते काय करतात? ते शिडे उतरवतात. १७६८ चा खलाशी त्यांना पाहताच ओळखील. कायद्याच्या कोशात त्या कृतीला नाव नसेल. टेम्सवर पहिले शीड उतरले तेव्हाही नव्हते. आधी कृती झाली, मग शब्द आला.

साथींनो, कार्यकर्त्याने या शब्दाच्या इतिहासातून दोन गोष्टी घेऊन जावयाच्या. पहिली ही की, संप म्हणजे कोणावर घातलेला घाव, असे जो म्हणेल त्याला शांतपणे सांगावे की, घाव घालायला हात उगारावा लागतो. संपात हात खाली घेतला जातो. म्हणून संपात हात उगारणारा कार्यकर्ता विरोधकाचाच अर्थ खरा करून दाखवतो. इस्पितळातील रुग्ण किंवा फलाटावर अडकलेला प्रवासी यांचे हाल हे आपल्या बळाचे माप समजण्याचा मोहही टाळला पाहिजे. शीड उतरवायचे ते मालकाच्या जहाजाचे. बुडणाऱ्याला नेणारी होडी त्यात येत नाही.

दुसरी गोष्ट मराठी भाषेने शिकवलेली आहे. इंग्रजी 'स्ट्राइक' एका दिवसात करता येतो. मराठी 'संप' त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असावा लागतो. तो पाळी सुटल्यावरच्या बैठकीत, उधारीच्या वहीत, कायम आणि कंत्राटी कामगार एका पंगतीला बसतात त्या जेवणात, जातीची भिंत ओलांडून दुसऱ्याच्या घरी गेलेल्या पायांत सुरू होतो. तो एकोपा नसेल तर फाटकावरचा फलक कितीही मोठा असो, तो केवळ सामूहिक खाडा ठरेल. कायदा व्याख्या बदलू शकतो, दंड वाढवू शकतो, मुदती लांबवू शकतो. 'संप' या शब्दाचा पहिला अर्थ मात्र कोणत्याही संहितेच्या हाती नाही. तो सांभाळणे हे कार्यकर्त्याचे रोजचे काम आहे, आणि संप नसतो त्या दिवसांत तर ते अधिकच आहे.